आठ वाजेपर्यंत

घरात तिला धाकटी म्हणत. म्हणणारी आता एकटी ताईच उरली होती, आणि ती राहायची लांबच्या शहरात. वडील जाऊन वर्ष उलटलं होतं. ताईचा फोन रविवारी यायचा, भावजींची औषधं आणि मुलांचे क्लास यांच्यामध्ये कसाबसा बसवलेला. त्या रविवारी तो आला नाही. धाकटीनेही केला नाही. आपण केला की ताईला वाटतं, काहीतरी झालंय. आणि काहीच झालेलं नसलं की दोघींनाही पुढे काय बोलावं ते सुचत नाही.

धाकटी घरूनच काम करायची. लहान धंदेवाल्यांना बिलं काढायची सॉफ्टवेअर लिहून द्यायची. तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे कुलपं उघडून देणारं एक दुकान. किल्ली आत राहिली, किल्ली तुटली, कुलूप अडकलं, की लोक तिथे फोन करायचे आणि दुकानाचा माणूस पिशवी घेऊन दारात हजर व्हायचा. मालक, फोन घेणारी त्यांची बायको आणि पाच-सहा कारागीर, एवढाच कारभार. मालकाच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत, म्हणून धाकटीही म्हणायची. इतकी वर्षं काम करूनही तिने ते दुकान डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. सगळं फोनवर चालायचं.

काम वरवर सोपं होतं. कुलूप उघडायचा दर वेळेप्रमाणे बदलायचा. कामाच्या दिवशी दिवसा एक, रात्री दुसरा. आणि शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळी आठपर्यंत सुट्टीचा, सगळ्यात चढा. माणसाला हे एका दमात सांगून कळतं. कॉम्प्युटरला अख्खा आठवडा मांडून दाखवावा लागतो. धाकटीने तो आधी दोरीसारखा मांडला. एका टोकाला सोमवारची सुरुवात, दुसऱ्या टोकाला रविवारचा शेवट, आणि मध्ये दरांचे तुकडे. मग तिच्या लक्षात आलं की सुट्टीचा तुकडा एका टोकाशी सुरू होतो आणि दुसऱ्या टोकाशी संपतो. दोरीवर तो बसेना. कापून दोन केले, तर रविवारी सुरू होऊन सोमवारात शिरलेल्या कामाला माणूस घरी येण्याचा आकार दोनदा लागायला लागला. शेवटी तिने दोरीची टोकं एकमेकांना जोडून टाकली.

"आठवडा म्हणजे बांगडी आहे हो," तिने मालकांना फोनवर सांगितलं होतं. "त्याला टोकच नाही."

"बांगडी असो नाहीतर कडं, बिल बरोबर आलं पाहिजे," मालक म्हणाले होते. "आणि बरोब्बर आठच्या ठोक्याला कुठला दर लागणार?"

"साधा. तुकडा जिथे सुरू होतो ते मिनिट त्याचं, जिथे संपतो ते पुढच्याचं. म्हणजे कुठलंच मिनिट दोघांत जात नाही आणि कुठलंच बेवारशी राहत नाही."

"बेवारशी मिनिट!" मालक खो खो हसले होते.

दोन-तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस मालकांचा फोन आला. आवाजात हसू नव्हतं.

"काय हो, सोमवारी आठ वाजले की गावातली सगळी कुलपं एकदम बिघडतात का?"

तिने आकडे काढून पाहिले. खरंच, सोमवारी आठच्या ठोक्याला सुरू झालेल्या कामांचा ढीग पडला होता, आणि त्याच्या आधीचा तास जवळजवळ रिकामा. चूक सापडते ती नेहमी अशा सांध्यावरच. आठवडाभर तिने तो सांधा दोन्ही बाजूंनी तपासला, एकेक मिनिट करून. चूक सापडली नाही. मग तिने वहिनींनी फोन घेतल्याच्या वेळा शेजारी लावून बघितल्या. फोन सातला येत होते, सव्वासातला येत होते. कारागीर मात्र 'काम सुरू'चं बटण दाबत होते आठनंतरच. आणि दर ठरत होता त्या बटणावर.

तिने मालकांना तसं सांगितलं.

"म्हणजे माझी माणसं लोकांच्या दारात बसून राहतात. सुट्टीचा दर संपेपर्यंत."

"तसंच दिसतंय."

"माझ्या खिशातून दानधर्म चाललाय म्हणायचा." मग ते जरा नरमले. "पैशाचं एक वेळ सोडून द्या. मागच्या सोमवारी एक बाई तान्हं बाळ कडेवर घेऊन जिन्यात ताटकळली होती, आणि माझा माणूस दोन गल्ल्या पलीकडे कोणाच्या तरी पायरीवर नुसता बसलेला. बदला ते. फोन आला त्या वेळेचा दर लावा. थांबण्यात काही फायदाच उरायला नको."

"बरं," धाकटी म्हणाली. तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. बदल एका ओळीचा होता. शनिवारी दुपारी तिने तो चालू करून टाकला. कारागिरांना मालक सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये सांगणार होते.

त्याच सोमवारी सकाळी ती कचऱ्याची पिशवी खाली ठेवायला गेली. स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहिली होती. ती जिना चढून वर येते तो दार वाऱ्याने लागलेलं. लॅचचं दार, आतून हाताने उघडायचं, बाहेरून किल्लीशिवाय नाही. अंगात वडिलांचा जुना स्वेटर, पायात घरातल्या सपाता. फोन आत, पाकीट आत.

तिने दार दोनदा ढकललं, उगीच. मग तशीच उभी राहिली. घाई करण्यासारखं आत काही नव्हतंच. गॅस बंद होता, आणि काळजी करत दारापाशी येईल असं कोणी आत नव्हतं.

वरच्या मजल्यावर राहणारी नर्स रात्रपाळी आटपून जिना चढत होती. तिला हाक मारायला धाकटीने तोंड उघडलं तर नीट आवाजच फुटेना. शुक्रवारी मालकांशी बोलल्यानंतर तो वापरलाच गेला नव्हता. ती खाकरली.

"जरा फोन मिळेल का तुमचा? दार लागलंय."

"अगंबाई! घ्या ना."

फोन हातात घेतल्यावर तिला कळलं की ताईचा नंबर आपल्याला पाठ नाही. पाठ होता एकच नंबर, दुकानाचा. सॉफ्टवेअर तपासताना तो शेकडो वेळा टाइप केलेला होता. तिने तोच फिरवला. वहिनींनी बसलेला आवाज ओळखला नाही. धाकटीनेही ओळख दिली नाही. कुलूपवाल्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारी स्वतःच्याच दाराबाहेर अडकलीय, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने नुसता पत्ता सांगितला.

"पाठवते हं माणूस," वहिनी म्हणाल्या. "घाबरू नका. आत कोणी लहान मूल, म्हातारं माणूस?"

"नाही. कोणी नाही."

नर्सने फोन परत घेतला. "वर येऊन बसता का माझ्याकडे?" तिने विचारलं, पण डोळे मिटायला आले होते तिचे.

"नको नको, येईलच तो. तुम्ही झोपा जाऊन."

कुलूपवाला आला तेव्हा इमारत जागी झाली होती. वरून खाली पावलं वाजत होती, कोणाचा तरी डबा विसरला होता, कोणीतरी कोणावर तरी ओरडत होतं. माणूस पन्नाशी उलटलेला, अंगाने भरलेला. प्रत्येक पायरीवर गुडघ्यावर हात ठेवत वर आला. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात थर्मास.

"तुम्हीच का फोन केलात? घर तुमचंच ना? राग मानू नका मॅडम, विचारावं लागतं. काही ओळखपत्र?"

"सगळं आत आहे."

"मग शेजारचं कोणी ओळख देईल?"

वरची नर्स आता झोपली असेल, तिला उठवणं धाकटीला बरं वाटेना. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि हेल्मेट काखेत मारून शेजारी बाहेर पडले. कुलूपवाल्याने त्यांनाच गाठलं.

"साहेब, या मॅडम इथेच राहतात ना?"

शेजाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओशाळले. "इथे एक आजोबा राहतात. त्यांना चांगला ओळखतो मी. रोज विचारायचे, गाडी नीट चालवतोस ना म्हणून." मग त्यांची नजर स्वेटरवर गेली. "तुम्ही त्यांची मुलगी का?"

"हो."

"बरेच दिवस दिसले नाहीत. बरे आहेत ना?"

"गेले ते," धाकटी म्हणाली. "वर्ष झालं."

शेजाऱ्यांच्या हातातलं हेल्मेट उगाचच या हातातून त्या हातात गेलं. "अरेरे," ते म्हणाले. "आम्हाला काही कळलंच नाही." कळवलंच नव्हतं कोणाला. दवाखान्यातून परस्परच सगळं उरकलं होतं, ताई-भावजी आले होते आणि चार दिवसांनी परत गेले होते. शेजारी कुलूपवाल्याकडे वळले. "त्यांच्याच आहेत या. चेहरा बघा ना, तोच आहे." आणि घड्याळात बघत, मान लववून, घाईघाईने खाली उतरले.

कुलूपवाल्याने मोबाइलवर काहीतरी टिपलं. दार, चौकट, फट बोटाने चाचपली. "अगदी सोपं आहे," तो म्हणाला. "दुसरी किल्ली नाही का कोणाकडे?"

"आहे. आतच आहे."

दुसरी किल्ली वडिलांची होती. दवाखान्यातून आलेल्या त्यांच्या कपड्यांच्या पिशवीत ती सापडली, तेव्हा धाकटीने ती आपल्या किल्लीशेजारी आतल्या खुंटीला अडकवून टाकली होती.

त्याने पिशवी उघडली, मग काहीतरी आठवून पुन्हा बंद केली. आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला घाई नसेल तर एक सांगू? आता सुट्टीचा दर चालू आहे. आठ वाजले की साधा लागतो. आत गॅस-बिस चालू नाही ना? मग थांबा थोडं. मी पण बसतो इथेच. उगाच कशाला जास्त भरायचे?"

धाकटी सांगणार होती. शब्द ओठावर आले होते: आता काही उपयोग नाही, फोन आला तेव्हाच दर ठरला. पण तो ते बोलताबोलता पायरीवर टेकलाही होता, गुडघे चोळत होता, आणि थर्मासचं झाकण फिरवत होता. त्याने झाकणात चहा ओतला आणि झाकण तिच्यापुढे धरलं.

"चालेल," ती म्हणाली. "थांबू या."

ती त्याच्या वरच्या पायरीवर बसली. चहा फार गोड होता. कामाला जाणारी माणसं त्यांना वळसा घालून उतरत होती आणि प्रत्येक जण म्हणत होता, "लागलं का दार?" आणि ती प्रत्येकाला म्हणत होती, "हो ना." एवढ्या लोकांशी ती या जिन्यात कधी बोलली नव्हती.

कुलूपवाला गप्पिष्ट होता. बायको गेल्या उन्हाळ्यापासून मुलीकडे राहते, नातवंडं सांभाळायला. स्वतः तो दुकानाच्या मागच्या खोलीत झोपतो, असं त्याने आपणहून सांगितलं. मग दारांच्या गोष्टी निघाल्या. एक नवरा-बायको भांडून दोघंही बाहेर आले आणि दार लागलं. कुलूप उघडेपर्यंत एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत, उघडल्यावर मात्र आधी कोण आत जाणार यावरून पुन्हा जुंपली. एका बाईने दार उघडताच आत जाण्याआधी त्यालाच मिठी मारली.

"आणि एक आजोबा आहेत," तो म्हणाला. "तीनदा बोलावलं त्यांनी मला. तिसऱ्या वेळी जिना चढताना त्यांच्या खिशात काहीतरी वाजलं. किल्ली होती हो. खिशातच होती."

"मग?"

"मग काय? मी काही बोललो नाही. दार उघडून दिलं, पैसे घेतले. कामाचे पैसे न घेऊन कसं चालेल? पण बसलो थोडा वेळ. त्यांनी पेपरातलं काहीतरी वाचून दाखवलं." त्याने उरलेला चहा आपल्याला ओतून घेतला. "चौथ्यांदा अजून फोन आला नाही. नंबर आहे माझ्याकडे, पण आपण होऊन कसं विचारायचं, तुमचं दार लागलं का म्हणून?"

धाकटी हसली. आणि मग, कसं कोण जाणे, वडिलांबद्दल बोलायला लागली. ते रेडिओ इतक्या मोठ्याने लावायचे की मला काम करताना राग यायचा. बातम्या ऐकता ऐकता बातम्या देणाऱ्यालाच उत्तरं द्यायचे. ते गेल्यावर एकदा रेडिओ लावून पाहिला, पण उत्तर देणारं कोणी नाही म्हटल्यावर त्यात काही राहिलं नव्हतं. हे तिने ताईलाही सांगितलं नव्हतं. कुलूपवाला मान हलवत ऐकत होता. मध्येच त्याचा मोबाइल थरथरला. त्याने पाहिलं आणि आवाज बंद केला.

"दुसरा कॉल आलाय. आठनंतर जातो तिकडे. हां, मग? भाज्या कोण आणायचं, तुम्ही की ते?"

धाकटीने त्या मोबाइलकडे पाहिलं. कुठलंतरी दुसरं दार. तिथेही कोणीतरी उभं असणार. तिला ते कळलं, लख्ख कळलं, आणि तरी ती म्हणाली, "तेच आणायचे. आणि भाजीवाल्याशी गप्पा मारत बसायचे, मला वाटायचं पडले-बिडले की काय."

आठ वाजले. कुलूपवाला कण्हत उठला, घड्याळ पुन्हा बघून बटण दाबलं, पिशवीतून पातळ प्लास्टिकची पट्टी काढली, दार आणि चौकट यांच्यात सरकवली, खांद्याने दार जरा हलवलं. खट्. उघडलं. धाकटीला वाटलं होतं, थोडा तरी वेळ लागेल.

"झालं बघा!" त्याने मोबाइलवर बोटं फिरवली आणि त्याच्या कपाळावर आठी उमटली. "अरेच्चा. हे काय? सुट्टीचाच लावलाय. थांबा मॅडम, काहीतरी बिघडलंय. वहिनींना फोन लावतो."

"नका लावू," धाकटी म्हणाली. "बरोबर आहे ते. आता फोन आला त्या वेळेचा दर लागतो. शनिवारपासून."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच केलंय ते. दुकानाचं सॉफ्टवेअर मी लिहिते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मोबाइलकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे.

"म्हणजे मी थांबू या म्हणालो, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग थांबलात कशाला?"

तिची नजर पायरीवरच्या थर्मासकडे गेली. कुलूपवाल्याने पट्टी पिशवीत टाकली आणि चेन ओढली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो हळूच बोलला.

"गप्पा मारायच्या होत्या तर तसं सांगायचं. दार आधी उघडून दिलं असतं, पाच मिनिटं बसलो असतो. पण तिकडे कोणीतरी उभं आहे ना. मी आपला समजत होतो, तुमचे पैसे वाचवतोय."

"चुकलं माझं," ती म्हणाली.

तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "दुसरी किल्ली आत ठेवू नका," तो मागे न बघता म्हणाला. "कोणी नसेल तर दुकानात आणून ठेवा. ठेवतात बरेच लोक." आणि गुडघ्यावर हात ठेवत, चढला होता त्यापेक्षा भराभर, तो खाली गेला.

घर तिने सोडलं होतं तसंच होतं. खिडकी उघडी, दिवा चालू. दहाच्या सुमाराला मालकांचा फोन आला. मीटिंगमध्ये कारागीर बरेच कुरकुरले म्हणाले, पण ऐकतील. "आणि आज सकाळी पुन्हा तेच. एका शाळेतल्या बाई तासभर खोळंबल्या. वहिनींवर इतक्या चिडल्या की विचारू नका. आपला माणूस कुठल्यातरी जिन्यात चहा पीत बसला होता."

"तो जिना माझा होता," धाकटी म्हणाली. आणि तिने सगळं सांगितलं. मालकांना आधी ते खरंच वाटेना, मग त्यांना हसू आलं, आणि मग ते हसायचे थांबले.

"अहो, मग वहिनींना नाव सांगायचं ना," ते म्हणाले. "धावत आलो असतो आम्ही."

त्या दिवशी तिने ताईला फोन केला. ताईने पहिलंच विचारलं, "काय झालं?" आणि धाकटीने दार लागल्याचं सांगितलं. ताई हसली, मग काळजीने ओरडली, मग कुकरची शिट्टी झाली म्हणून तिला जावं लागलं. जिन्यातला चहा आणि ते थांबणं सांगायचं राहूनच गेलं. कदाचित सांगता आलंही नसतं.

गुरुवारी दुपारी ती वडिलांची किल्ली घेऊन दुकानात गेली. दुकान तिला वाटलं होतं त्याच्या निम्मंही नव्हतं. काउंटर, किल्ल्या कापायचं यंत्र, धातूच्या भुशाचा वास, आणि भिंतीत एक उथळ लाकडी कपाट. वहिनी फोनवरच्या आवाजापेक्षा बऱ्याच लहानखुऱ्या निघाल्या. धाकटीला पाहून त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अय्या, इतकी वर्षं बोलतोय आणि मला वाटायचं तुम्ही खूप उंच असाल!"

त्यांनी कपाट उघडलं. आत हुकांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक हुकाला एक किल्ली, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आकडा लिहिलेली. धाकटी बघतच राहिली.

"एवढ्या?"

"आधी चार-पाच होत्या. आता दर आठवड्याला कोणीतरी येतंच. मुलं लांब असतात, शेजारी कोण ते माहीत नसतं." वहिनींनी सगळ्यात वरच्या ओळीकडे बोट केलं. "या तर न्यायलाच कोणी आलं नाही. माणसं आहेत की नाहीत, तेही कळत नाही. टाकवत नाहीत मेल्या."

तेवढ्यात मागच्या खोलीतून कुलूपवाला बाहेर आला. धाकटीला बघून दारातच थबकला.

"रागावलात अजून?" तिने विचारलं.

"सोमवारी मी सगळ्यांवरच रागावतो," तो म्हणाला. त्याने तिच्या हातातली किल्ली घेतली, उजेडात धरून दात पाहिले. "चांगली आहे. झिजलेली नाही." आणि स्वतःच मधल्या ओळीतल्या हुकाला लावली. मग म्हणाला, "त्या शाळेतल्या बाईंचं दार उघडायला चार मिनिटं लागली. माफी मागितली मी. त्यांनी काही माफ केलं नाही."

"माझ्या वतीने मागायला हवी होती."

"मागितली की. सांगितलं, सॉफ्टवेअरवाल्या बाईंनी अडवून ठेवलं." त्याने गंभीर चेहऱ्याने हे सांगितलं, आणि थट्टा आहे की खरं, ते तिला कळलं नाही.

त्याला बाहेर जायचं होतं, तो निघाला. धाकटीचं काम झालं होतं. तिनेही पर्स खांद्याला लावली, पण पाय निघेना. घरी जाऊन पुन्हा तेच टेबल, तीच खुर्ची. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं, काउंटरमागच्या स्टुलावरची खोकी उचलून जमिनीवर ठेवली आणि म्हणाल्या, "बसा हो जरा. आणि बसलाच आहात तर दहा मिनिटं फोन बघा. मला पलीकडे बँकेत जाऊन यायचंय, सकाळपासून उठायला मिळालं नाही."

धाकटी बसली. समोरच्या पडद्यावर तिचंच सॉफ्टवेअर उघडं होतं. ते कोणीतरी रोज वापरतं त्या जागी बसून तिने ते कधी पाहिलं नव्हतं. पत्त्याची चौकट फारच लहान होती. वहिनींनी शेजारी चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या. हे बदलायला हवं, तिच्या मनात आलं.

फोन वाजला.

"हॅलो," एका पुरुषाचा आवाज. वय झालेलं असावं, किंवा सर्दी. "माझं दार लागलंय."

तिने पत्ता विचारला, लिहून घेतला, वेळेची नोंद झाली आणि त्याबरोबर दरही ठरला. कुलूपवाल्याला निरोप पाठवला. तो वाटेतच होता. लगेच वळतो म्हणून त्याचं उत्तर आलं.

"माणूस निघालाय," ती म्हणाली. "फार वेळ नाही लागणार."

"बरं. बरं." तो थांबला. "मग ठेवू फोन?"

फोन अडवून ठेवायचा नसतो, हे तिला कळत होतं. दुसरं कोणी लावत असेल. तिने काउंटरवर पाहिलं. दुकानाला दुसरी लाइन होती, तिचा दिवा बंद होता.

"ठेवायची घाई असेल तर ठेवा," ती म्हणाली. "मी इथेच आहे."

"घाई कसली," तो म्हणाला. त्याच्या बाजूने कुठेतरी नळ गळत असल्याचा आवाज येत होता. कुलूपवाल्यासारखं आपल्याला बोलता येणार नाही, धाकटीला वाटलं. तिने स्टूल जवळ ओढलं.

"कुठे उभे आहात? जिन्यात का?"

"नाही, गच्चीवर. कपडे वाळत घालायला आलो होतो. दार मागे लागलं."

"ऊन आहे का?"

"आहे. पण टाकीची सावली आहे. तिथे बसलोय."

"मग बसा निवांत," ती म्हणाली. "काय काय दिसतंय तिथून?"

त्याला ते विचारणं जरा विचित्र वाटलं असावं. मग खाकरून, हळूहळू, तो सांगायला लागला.